निळ्या दाराचा रोल

जयभीम

खामगाव,
१२ जानेवारी १९६४

ती. सिंधूताईस,
निवृत्तीचा सप्रेम जयभीम. वि. वि.

तुझं कार्ड मिळालं. शंकरराव भाऊजींची सर्दी गेली हे वाचून बरं वाटलं. पत्ता मात्र त्यांनी लिहिलेला दिसतो, कारण पोस्टमन तीन दुकानं हिंडून माझ्या स्टुडिओत आला. मास्तरांचं अक्षर असं, तर डोणगावच्या पोरांचं काय होत असेल?

बातमी मोठी आहे. आपला नालापुरा उठणार. गेल्या भादव्यात नाल्याचं पाणी माय राहते त्या ओळीत शिरलं, तेव्हापासून बोलणं चालूच होतं. आता नाला रुंद होणार आणि नालापुऱ्यातल्या लोकांसाठी नगरपालिका गावाच्या वरच्या अंगाला एकतीस पक्क्या खोल्या बांधत आहे. विटांच्या भिंती, वर कवेलू, आत मोरी. ज्याचं घर मोडेल त्याला एक खोली. त्यासाठी प्रत्येक घरवाल्याचा त्याच्या दारापुढे, हातात नंबराची पाटी धरून फोटो हवा होता. हे काम कोणाला मिळालं असेल? तुझ्या भावाला! आजवर लग्नं, मयती आणि शाळेचे गट, एवढ्यावर माझं दुकान चाललं. हे पहिलं सरकारी शिक्क्याचं काम.

तीन दिवसांत सगळा पुरा टिपला. सोबतच्या कारकुनाचा पाय मुरगळला होता. मी त्याला म्हटलं, तुम्ही चिंचेखाली टेबल टाकून नावं लिहा, दारं मी फिरतो. तू असतीस तर हसून लोळली असतीस. मायच्या शेजारच्या चांगुणेच्या दाराला फळीच नाही, गोणपाट लावलेलं. ती म्हणे, माह्या पोरीची सोयरीक चालू हाय, जन्मात एकडाव फोटू निघते, अन् तो काय गोनपाटापुढं काढू? मग सरळ किसनरावांच्या दारापुढे जाऊन उभी राहिली. किसनराव म्हणजे जिनिंगमधले मुकादम. त्यांनी दिवाळीत दाराला निळा रंग दिला, कडी पितळेची आहे. चांगुणेचं पाहून बाकीच्याही आल्या. दारासारखं दार, म्हणून किसनरावांनाही गुदगुल्या झाल्या. त्यांनी खुर्ची काढून दिली. बारा फोटोंचा अख्खा रोल त्या एका दारापुढे संपला.

मीही फार ताणलं नाही. माझ्या स्टुडिओत महालाच्या पडद्यापुढे उभ्या राहिलेल्या हमालाला कोणी राजा समजतं का? चेहरा ज्याचा त्याचा, पाटीवर नंबर ज्याचा त्याचा. आणखी काय पाहिजे?

मायचा फोटो फार छान आला आहे. सोबत पाठवतो. चि. पुष्पाला गोड पापा. भाऊजींना जयभीम सांग आणि माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा धाकटा,
निवृत्ती

जयभीम

डोणगाव,
१९ जानेवारी १९६४

चि. निवृत्तीस,
सिंधूताईचे अनेक आशीर्वाद.

मायचा फोटो पोचला. पुष्पानं शेजारीपाजारी फिरवून त्याचे कोपरे दुमडून आणले. मायच्या डोळ्यांखाली किती काळं झालंय रे! पातळ मात्र मी दिलेलंच नेसली आहे, ते पाहून जीव निवला. तुझ्या भाऊजींनी फोटो उन्हात धरून पाहिला आणि म्हणाले, निवृत्तीचा हात बसला. अक्षराचा टोमणा मी त्यांना वाचून दाखवला नाही, नाहीतर ही स्तुती तुझ्या वाट्याला आली नसती.

पण मला एक सांग. मायच्या मागे दार कोणाचं आहे? रंग फोटोत दिसत नाही, पण ती फुलाची कडी मी ओळखते. ते जनकाबाईचं, म्हणजे तुझ्या किसनरावांचं दार. मायच्या घराला रॉकेलच्या डब्यांचा पत्रा ठोकलेला आहे, तो मी आणि बाबांनी मिळून ठोकला होता. मग मायही चांगुणेच्या नादी लागली? माझा विश्वास बसत नाही. जी बाई दुसऱ्याच्या ओट्यावर पाणी प्यायलाही टेकत नाही, ती दुसऱ्याच्या दारापुढे नटून उभी राहील का?

राजा आणि हमाल हे ठीक आहे, पण स्टुडिओत कोणी पडद्याचा महाल मागायला येत नाही. इथे त्या फोटोवर खोली मिळणार आहे. मला काही हे बरं वाटत नाही. भाऊजी म्हणतात मी उगीच काळजी काढते. असेल. तरी तू पालिकेच्या साहेबांच्या कानावर घाल.

खोकल्यासाठी मायला अडुळशाचा पाला पाठवते आहे. तिची आणि स्वतःची प्रकृती जप, आणि आठवण येईल तेव्हा नव्हे, आठवड्याला लिहीत जा.

तुझी,
सिंधूताई

जयभीम

खामगाव,
४ फेब्रुवारी १९६४

ती. ताईस,
सप्रेम जयभीम. वि. वि.

अडुळसा पोचला. माय पीत नाही, पण पाहुण्यांना दाखवते, लेकीनं पाठवला म्हणून.

दाराचं तू फार मनावर घेतलंस. बाकीच्या दहा बायांनी जे केलं तेच मायनंही केलं, त्यात काय एवढं? सगळ्यांना फोटोच्या नंबराच्या चिठ्ठ्या मिळाल्या आहेत. साहेबांना चेहरे पाहायचे आहेत, कड्या नाहीत. काम पोचतं झालं, पुन्हा जाऊन आपणच खुसपट काढलं तर ते मलाच वेंधळा म्हणतील.

इथे मोडतोड सुरू झाली. नाल्याकाठच्या दोन ओळी आधी रिकाम्या करून मागितल्या, लोकांनी हसत हसत दिल्या. चिठ्ठी हातात आहे ना! मायचं घर अर्ध्या तासात खाली आलं. पत्रा मी ठेवून घेतला. पऱ्हाटीच्या कुडाच्या भिंती बायांनी जळणाला वाटून नेल्या. आता नुसतं जोतं उरलं आहे. एवढ्याशा जागेत आपण चौघं कसे राहत होतो, असं वाटलं.

माय सध्या माझ्याकडे, स्टुडिओत महालाच्या पडद्यामागे राहते. गिऱ्हाईक आलं की तिनं खोकायचं नाही असं ठरलं आहे, आणि ती बिचारी तोंडावर पदर धरून बसते. महिनाभराचा प्रश्न आहे. तुम्हां तिघांचा लोभ आहेच, तो राहू द्यावा.

निवृत्ती

जयभीम

खामगाव,
२७ फेब्रुवारी १९६४

ती. ताईस,
जयभीम.

हे पत्र भाऊजींना आधी वाचू दे आणि मग तू वाच. घाबरू नकोस, असं लिहिणार होतो, पण मीच घाबरलो आहे.

काल यादी लागली. एकतीस घरं आणि नावं वीस. मायचं नाव नाही. चांगुणेचं नाही. त्या रोलातलं किसनरावांचं सोडून एकाचंही नाव नाही. सर्व्हेच्या साहेबांचा नियम साधा आहे, एका दाराला एक खोली. त्यांनी फोटो टेबलावर मांडले तेव्हा बारा माणसं एकाच दारापुढे दिसली. त्यांनी धरलं की एका घरात बारा जण राहतात, घर किसनरावांचं आणि बाकीचे त्यांच्याकडचे भाडेकरू. त्यांचं तरी काय चुकलं? मी त्यांच्या जागी असतो तर तेच धरलं असतं.

आता घरं दाखवावी, तर घरं कुठे आहेत? ज्यांची दारं सगळ्यात वाईट त्याच बाया निळ्या दाराशी गेल्या होत्या, आणि सगळ्यात वाईट दारं नाल्याकाठी होती. तीच आधी मोडली. किसनराव वेगळेच भडकले आहेत. विनापरवाना अकरा भाडेकरू ठेवले म्हणून त्यांना विचारणा झाली. आता ते मला पाहिलं की रस्ता बदलतात.

तक्रारीला पंधरा मार्चपर्यंत मुदत आहे. त्यानंतर उरलेल्या खोल्या दुसऱ्या वस्तीला जातील. चांगुणा लेकरं घेऊन चिंचेखाली चूल मांडून आहे. आज ती दुकानाच्या पायरीवर येऊन नुसती बसली. ताई, ती भांडली असती तर मला चाललं असतं.

मायला मी सांगितलेलं नाही. ती रोज विचारते, खोलीची किल्ली कधी भेटते. भाऊजींना विचारून उलट टपाली कळव.

निवृत्ती

जयभीम

डोणगाव,
२ मार्च १९६४

चि. निवृत्तीस,
आशीर्वाद.

पत्र वाचून मी चुलीवरचं पिठलं करपवलं. पुष्पा उपाशी शाळेत गेली, एवढ्यावरून समज.

मी जानेवारीत लिहिलं होतं. तेव्हा मायचं घर उभं होतं. एक फोटो नव्यानं काढला असतास तर चालला असता. तू त्याला खुसपट म्हणालास. राहू दे, आता ते उगाळून काय होणार.

भाऊजींचं म्हणणं असं की अर्जबिर्ज नंतर, आधी तू स्वतः साहेबांपुढे उभा राहा आणि तोंडानं सांग की दारं फिरायचं काम मी अंगावर घेतलं होतं आणि चूक माझी आहे. बायांवर ढकलू नकोस. त्यांना फोटो म्हणजे काय ते माहीत नव्हतं. तुझा तर तो धंदा आहे.

आणि निवृत्ती, मायचं मला अजून पटलेलं नाही. बाबा गेले त्या वर्षी भावकीनं दिलेलं नवं लुगडं तिनं परत केलं होतं, जुनंच धुऊन नेसली. ती आपल्या पत्र्याच्या दाराला लाजेल? खरं काय झालं ते लिही. मी तुझी मोठी बहीण आहे, तुला मी कडेवर खेळवलं आहे.

वाट पाहते.
सिंधूताई

जयभीम

खामगाव,
५ मार्च १९६४

ती. ताईस,
जयभीम.

माय निळ्या दाराशी आपण होऊन गेली नव्हती. मी तिला नेलं.

ती आपल्या पत्र्याच्या दारापुढे पाटी धरून उभी होती. केस विंचरलेले, तू दिलेलं पातळ नेसलेली. मी कॅमेऱ्यात पाहिलं. मागे गंजलेला पत्रा, खाली डबकं, वर बांबूचा फाटका तट्ट्या. वडनेर भोलजीहून माझ्यासाठी एक स्थळ आलं आहे. मुलीचा भाऊ ग्रामसेवक आहे, त्यांनी घरच्यांचा फोटो मागितला होता. मला वाटलं, याच फोटोची एक प्रत तिकडे पाठवू. फोटोग्राफरची माय म्हणून हा फोटो पाठवायचा? मी तिचा हात धरला आणि तिला ओळीतून बाहेर काढून किसनरावांच्या दारापर्यंत नेलं. चांगुणा तर नंतर आली. मायला तिथे उभी पाहून बाकीच्या आल्या. पहिला फोटो आपल्या मायचा आहे, बाकी सगळं त्याच्या मागून झालं.

तुला मी उलटं लिहिलं. चांगुणेची गंमत सांगून स्वतः सुटलो. रोज लिहीन म्हणत होतो आणि रोज टाळत होतो.

साहेबांकडे जायला पाय उचलत नाही. हे सांगितलं की पालिकेचं काम गेलंच, आणि गावात नाव होईल ते वेगळं. न सांगावं तर मुदत दहा दिवसांवर आली आहे. मायचं तोंड पाहवत नाही. मी काय करावं ते मला कळतं, पण होत नाही.

तुझा,
निवृत्ती

जयभीम

डोणगाव,
८ मार्च १९६४

निवृत्ती,

पत्र वाचून रडले आणि तुला दोन मुस्काटात द्याव्या असंही वाटलं. दोन्ही खरं आहे.

उद्याच्या उद्या साहेबांकडे जा. काम जाईल तर जाऊ दे. आपण अकरा घरांच्या डोक्यावरचं छप्पर घेतलंय, त्यात एक आपल्याच मायचं. वडनेरच्या लोकांना कळलं आणि त्यांनी नाही म्हटलं तर मुलगी आपल्यासाठी नव्हती.

मायला इकडे पाठव. पडद्यामागे तोंड दाबून खोकायला ती काही चोर नाही. तिला काय सांगायचं ते मी पाहते. मेहकरच्या गाडीत बसवून दे, भाऊजी स्टँडवर असतील.

मी रागावले आहे, पण तुझ्या बाजूनं आहे.
ताई

जयभीम

खामगाव,
१४ मार्च १९६४

ती. ताईस,
सप्रेम जयभीम. वि. वि.

माय पोचल्याचं कार्ड मिळालं. आता इकडचं सगळं सांगतो.

मी दहा तारखेला साहेबांकडे गेलो. बोलताना जीभ अडखळली, म्हणून घरी लिहून ठेवलेला कागदच पुढे केला. त्यांनी तो दोनदा वाचला. आरडाओरडा केला नाही, त्याचीच जास्त भीती वाटली. म्हणाले, चला, जागा दाखवा. आम्ही नालापुऱ्यात गेलो. मी एकेका बाईला बोलावून जिच्या तिच्या जोत्यावर उभं केलं. भिंत नाही, दार नाही, चार बोटं उंच माती आणि त्यावर एक बाई. प्रत्येक घर कुठे होतं ते मी सांगत गेलो आणि ते नकाशावर खूण करत गेले. चांगुणा तिच्या जोत्यावर चढली आणि नेमकी जिथे चूल होती ती जागा चुकवून उभी राहिली, अजून तिथे चूल असल्यासारखी. साहेबांनी ते पाहिलं. दहा जणींची नावं धरली.

मायचं नाव मात्र अडलं. ते म्हणाले, फोटोग्राफरच्या मायसाठी फोटोग्राफरची साक्ष कशी चालेल? यादीत नाव असलेला आणि नात्याबाहेरचा माणूस आणा. त्यांचं बरोबरच होतं. पण मायच्या एका बाजूला चांगुणा, तिचं नाव अजून यादीवर चढलेलं नव्हतं. दुसऱ्या बाजूला नाला. तिचं घर पाहिलेले यादीतले बाकीचे सगळे आपल्या भावकीतले, नात्याबाहेरचे एकटे किसनराव. मी त्यांच्याकडे तीन दिवस खेटे घातले. पहिल्या दिवशी दार उघडलं नाही. दुसऱ्या दिवशी म्हणाले, माह्या दाराले डाग लावला तू, आता माह्याच तोंडानं तुह्या मायचं घर सांगू काय? तिसऱ्या दिवशी मी ओट्याखाली नुसता उभा राहिलो.

काल मुदतीच्या दोन दिवस आधी साहेब पुन्हा आले. किसनराव ओट्यावरून उठले नाहीत. साहेब कागद मिटत होते तेवढ्यात जनकाबाई त्या निळ्या दारातून बाहेर आल्या. डोक्यावर पदर, हाताला पीठ. साहेबांना म्हणाल्या, तानुबाईचं घर मी दाखोतो, माह्या मांगं या. थेट आपल्या जोत्यावर जाऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, सोळा वर्सं झाले, मी रोज सकाळी तानुबाईच्या चुलीतला इस्तो आनून माही चूल पेटवतो. जिच्या घरचा इस्तो नेतो तिचं घर मले ठाऊक नाही तर कोनाले?

ताई, किसनरावही तिथेच होते. ते पडले वरच्या जातीचे, आपल्याकडचं पाणीही न घेणारे, आणि त्यांच्या घरची चूल सोळा वर्षं आपल्या घरच्या विस्तवावर पेटते, हे त्यांना काल कळलं. मला वाटलं आता इथेच काहीतरी होणार. जनकाबाई जोत्यावरून हलल्या नाहीत. मग किसनराव पुढे आले आणि त्यांनी कागदावर सही केली. आज सकाळी त्यांच्या घरातून धूर निघताना मी पाहिला, तेव्हा माझ्या जिवात जीव आला.

मायचं नाव लागलं. खोली नंबर एकोणीस. पालिकेचं काम अर्थात गेलं, पुढच्या वस्तीचे फोटो अकोल्याचा माणूस काढणार आहे. वडनेरला मी सगळं खरं लिहून कळवलं, उत्तर नाही.

हे मायला तू वाचून दाखव. दाराचंही सांग. माझ्या तोंडानं सांगवत नाही. क्षमा मागून उपयोग नाही हे माहीत आहे, तरी मागतो.

तुझा,
निवृत्ती

जयभीम

डोणगाव,
२० मार्च १९६४

चि. निवृत्तीस,
सिंधूताईचे आशीर्वाद.

मायला तुझी सगळी पत्रं वाचून दाखवली. ती गव्हातले खडे वेचत ऐकत होती. मग म्हणाली, लिही, अन् मी सांगतो तसंच लिही, तुह्या शाळेचं काही घालू नको. म्हणून इथून पुढे माय बोलते.

बाबू, तुह्या मायचे तुले लय लय आशीर्वाद. खोली भेटली, बरं झालं. जनकेले सांग, मी येऊन राह्यली. तिचा नवरा तिले बोलला अशीन तर आल्यावर मी पाहीन.

दाराचं तू काऊन एवढं मनाले लावून घेतलं? मले तवाच समजलं होतं. मी आंधळी हावो काय? कोनाच्या दारापुढं उभी करून राह्यला अन् काऊन करून राह्यला, हे मले नाही समजत? मले वाईट वाटलं. खोटं काऊन सांगू. तो पत्रा तुह्या बापानं ठोकला होता.

पन तू माहा हात धरला, बाबू. तू शाळेत जाऊन राह्यला होता तवापासून रस्त्यानं चार लोकाईंत तू माहा हात कदी धरला नोता. दुकान टाकल्यावर तं मी दिसली का तू दुसरीकडंच पाहे. त्या दिवशी साऱ्या पुऱ्यापुढून तू मले हाताले धरून नेलं. मी म्हनलं, कुठंई नेऊ दे. म्हनून मी गेली. दार कोनाचं हाय ते मंग पाह्यलं.

आता खोलीपुढं माहा फोटू काढाले येशीन. तो काही आताच काढू नको. मी बुधवारच्या गाडीनं येतो. तू आधी आत ये अन् जेवाले बस. तीन वर्सं झाले, तू माह्या घरी जेवला नाही.